लुधियान्याचा बादशहा

पानिपतच्या रणावर इ. स. १७६१ च्या संक्रांतीस मराठ्यांची एक पिढी ज्याने कापून काढली, त्या अहमदशहा अब्दालीचे नाव महाराष्ट्रात लहान मुलासही ठाऊक असते. त्याच्या वंशाचे पुढे काय झाले, याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. त्या अब्दालीचा एक नातू आपल्या आयुष्याची बावीस वर्षे पंजाबातील लुधियाना गावी कंपनी सरकारच्या तनख्यावर जगला. मग त्याच कंपनीने त्याला हत्ती-घोड्यांच्या लवाजम्यानिशी काबूलच्या तख्तावर नेऊन बसविले. आणि तीन वर्षांच्या आत तख्तावर बसविणारी फौज बर्फात गाडली जाऊन तख्तावर बसलेलाही आपल्याच प्रजेच्या गोळीस बळी पडला. त्या नातवाचे नाव शहा शुजा-उल्-मुल्क. परक्यांच्या संगिनींवर टेकविलेले सिंहासन किती दिवस टिकते, आणि टिकत नसेल तर नेमके कोणत्या सांध्यात ते निखळते, हे पाहावयाचे असेल तर या पुरुषाच्या चरित्राइतका बोलका दाखला दुसरा सापडणे कठीण.

अहमदशहाने १७४७ साली कंदाहार येथे अफगाणांचे राज्य उभे केले. तो सदोझाई घराण्यातला. परंतु अफगाणांचे राज्य म्हणजे हुकूम सुटावा आणि तो मुलुखाच्या टोकापर्यंत निमूटपणे पाळला जावा, अशा बांधणीचे नव्हते. निरनिराळ्या टोळ्यांचे सरदार बादशहाला मान देत, लढाईला स्वार पुरवीत आणि त्याच्या मोबदल्यात जहागिरी व नेमणुका घेत. या सरदारांत बारकझाई घराणे सर्वांत बलिष्ठ होते. राजा सदोझाईंचा आणि हात बारकझाईंचा, असा हा जुना संसार अहमदशहाचा मुलगा तैमूरशहा याच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १७९३ पर्यंत, कसाबसा चालला. तैमूरच्या मागे त्याचा मुलगा जमानशहा गादीवर आला. आजोबाप्रमाणे हिंदुस्थानावर स्वारी करण्याची स्वप्ने तो पाहत होता आणि त्याच्या नुसत्या बातमीने कलकत्त्यास गव्हर्नर जनरल वेलस्ली याची झोप उडत होती. परंतु या जमानशहाने बारकझाईंचा प्रमुख पाइंदाखान याला ठार करविले आणि तेथेच घराचा वासा फिरला. पाइंदाखानाचा वडील मुलगा फत्तेखान याने जमानचा सावत्र भाऊ महमूद याला पुढे केले. जमानशहा पकडला गेला आणि त्याचे डोळे काढण्यात आले. ही भाऊबंदकी पुढे चाळीस वर्षे निवली नाही.

शहा शुजा हा त्या आंधळ्या जमानशहाचा सख्खा धाकटा भाऊ. १८०३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने महमूदाला पदच्युत करून काबूलचे तख्त मिळविले. मराठ्यांच्या इतिहासातही ते साल लक्षात राहण्यासारखे आहे. कारण त्याच वर्षीच्या मे महिन्यात दुसरा बाजीराव वसईच्या तहाचा कागद देऊन इंग्रजी पलटणींच्या सोबतीने पुण्यात परत आला. परंतु १८०३ चा शुजा बाजीरावासारखा नव्हता. त्याला गादी मिळाली ती आपल्या घराण्याच्या नावावर आणि अफगाण सरदारांच्या पाठिंब्यावर. त्याने महमूदाचे डोळे काढले नाहीत, त्याला नुसते कैदेत ठेवले. त्या काळच्या काबूलच्या राजकारणात असली दया ही चूकच गणली जाई, आणि ती चूक शुजाला लवकरच भोवली.

१८०९ साली कंपनीचा एक तरुण वकील पेशावरास शुजाच्या दरबारी आला. त्याचे नाव माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन. पुढे पुण्याचा रेसिडेंट म्हणून पेशवाईचा अस्त घडविणारा आणि मुंबईचा गव्हर्नर म्हणून महाराष्ट्रात दीर्घकाळ नाव मागे ठेवणारा तो हाच गृहस्थ. फ्रेंच आणि इराणी यांचे संगनमत होऊन हिंदुस्थानावर स्वारी होईल, ही धास्ती त्या वेळी इंग्रजांना होती. ती टाळण्यासाठी त्यांना अफगाणांशी तह हवा होता. रत्नखचित वस्त्रे ल्यालेला, दंडावर कोहिनूर हिरा बांधलेला तो तेविसाव्या-चोविसाव्या वर्षांचा बादशहा एल्फिन्स्टनने डोळे भरून पाहिला. जूनमध्ये तह झाला. परंतु तहाची शाई वाळते न वाळते तोच कैदेतून निसटलेल्या महमूदाने व फत्तेखानाने निमला येथे शुजाच्या फौजेचा फन्ना उडविला, आणि बादशहा परागंदा झाला. कंपनीने त्याच्यासाठी एकही पलटण हलविली नाही. तहात उपयोगी पडणारा राजा आणि संकटात मदत करण्याजोगा राजा हे दोन निराळे असतात, हा पहिला धडा शुजाला तेव्हाच मिळाला होता.

पुढील सात वर्षे त्याने जे भोगले, ते एखाद्या कादंबरीत वाचावयास मिळाले असते तर अतिशयोक्त वाटले असते. काश्मीरच्या सुभेदाराने त्याला कैदेत टाकले. त्याची राणी वफा बेगम हिने महाराजा रणजितसिंगाशी बोलणे लावले. नवऱ्याची सुटका झाली तर कोहिनूर देऊ, असे वचन तिने दिले. १८१३ साली शुजा सुटला व लाहोरास आला, आणि तेथे त्याला कळून चुकले की आपण एका कैदेतून दुसऱ्या कैदेत आलो आहो. पहारे बसले, उपासमार झाली. शेवटी जून महिन्यात हिरा रणजितसिंगाच्या हाती गेला. शुजाने वेष पालटून लाहोराहून पलायन केले, डोंगराळ मुलुखातून रानोमाळ हिंडत तो १८१६ साली सतलज ओलांडून लुधियान्यास कंपनीच्या आश्रयास आला. बेगम त्याच्या आधीच तेथे येऊन राहिली होती. आंधळा जमानशहाही पुढे तेथेच येऊन राहिला. ज्याच्या स्वारीच्या वार्तेने वेलस्ली अस्वस्थ होत असे, तो आता वेलस्लीच्याच वारसांच्या अन्नावर दिवस काढू लागला.

लुधियान्यास शुजाचा दरबार रोज भरत असे. राज्य नव्हते, तरी चोपदार होते, ललकाऱ्या होत्या, मानमरातब होता. १८१८ साली आणि पुन्हा १८३३–३४ साली त्याने राज्य परत मिळविण्यासाठी स्वाऱ्या केल्या. दुसऱ्या स्वारीत तर तो कंदाहारच्या तटापर्यंत पोहोचला, परंतु तेथे पराभूत होऊन परत आला. याच सुमारास गंगेकाठी ब्रह्मावर्त येथे दुसरा बाजीराव आठ लाखांच्या पेन्शनीवर राहत होता. दोघांच्या स्थितीत साम्य दिसते, पण स्वभावात अंतर होते. बाजीरावाने राज्याची आशा सोडली होती. अफगाणिस्तानातील युद्धासाठी कंपनीला पैशाची चणचण भासली, तेव्हा त्याने पाच लाखांचे कर्ज दिले. शुजाने मात्र आशा कधीच सोडली नाही. त्याच्या या चिवटपणाचे कौतुक करावयास हरकत नाही. परंतु तो चिवटपणाच पुढे परक्यांच्या हातातील दोरी झाला.

इकडे काबूलात सत्तापालट झाला होता. महमूदाने व त्याच्या मुलाने १८१८ साली फत्तेखानाचे डोळे काढून त्याला हालहाल करून मारले. तेव्हा फत्तेखानाचे भाऊ खवळून उठले आणि सदोझाईंचे राज्य त्यांनी वाटून घेतले. या भावांपैकी दोस्त महंमदखान १८२६ साली काबूलचा धनी झाला. तो कष्टाळू, न्यायी म्हणून नावाजलेला आणि साध्या राहणीचा होता. बादशहा ही पदवी त्याने घेतली नाही. अमीर या पदवीवर तो संतुष्ट राहिला. त्याच्या मनात एकच सल होता. शुजा कंदाहारवर चालून गेला त्या धामधुमीत, १८३४ साली, रणजितसिंगाने पेशावर घेतले होते. ते परत मिळावे, एवढीच दोस्त महंमदाची इंग्रजांकडे मागणी होती.

१८३७ साली कंपनीचा वकील अलेक्झांडर बर्न्स काबूलास आला. त्याचे दोस्त महंमदाविषयी उत्तम मत झाले आणि त्याच्याशीच स्नेह करावा असे त्याने परोपरीने लिहिले. परंतु गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड याला रणजितसिंगाचे मन दुखवावयाचे नव्हते. त्याच वर्षाच्या अखेरीस व्हिट्केविच नावाचा रशियाचा वकील काबूलात दाखल झाला आणि पश्चिमेस इराणच्या शहाने रशियाच्या प्रोत्साहनाने हेरातला वेढा घातला. कलकत्ता व सिमला येथील मसलतगारांना जागेपणी रशियन घोडेस्वार सिंधूकाठी दिसू लागले. ज्याला पेशावर देता येत नाही आणि ज्याच्यावर विश्वासही ठेववत नाही, अशा अमीराला काढून टाकून त्याच्या जागी आपल्या अन्नावर वाढलेला राजा बसवावा, हा विचार येथे जन्मला. लुधियान्याचा बादशहा वीस वर्षे ज्या क्षणाची वाट पाहत होता, तो क्षण आला. परंतु तो आला दुसऱ्याच्या भीतीच्या पोटी.

जून १८३८ मध्ये कंपनी, रणजितसिंग आणि शहा शुजा यांचा त्रिवर्ग तह झाला. या तहाची कलमे नीट वाचली म्हणजे शुजाच्या राज्याचे भविष्य त्यांतच लिहून ठेवलेले दिसते. पेशावर, काश्मीर, अटक, मुलतान या साऱ्यांवरील हक्क त्याने सोडून दिले. पेशावर म्हणजे काबूलच्या बादशहांची हिवाळी राजधानी; तेथेच त्याने स्वतः एल्फिन्स्टनची भेट घेतली होती. परराज्यांशी बोलणी करावयाची तर ती इंग्रज व शीख यांच्या संमतीने, हेही त्याने मान्य केले. याप्रमाणे तख्तावर पाय ठेवण्यापूर्वीच आजोबांच्या राज्याचा पूर्वभाग त्याने सहीनिशी देऊन टाकला. ज्या पेशावरासाठी दोस्त महंमद इंग्रजांच्या स्नेहास मुकला, ते पेशावर कायमचे सोडण्याची तयारी हीच शुजाची लायकी ठरली.

१ ऑक्टोबर १८३८ रोजी सिमल्याहून लॉर्ड ऑकलंडने आपला प्रसिद्ध जाहीरनामा काढला. शुजाची अफगाणिस्तानात लोकप्रियता आहे, तो आपल्याच फौजेसह देशात प्रवेश करील, इंग्रजी फौज केवळ पाठीशी राहील आणि त्याचे आसन स्थिर झाले की परत येईल, असा त्याचा मथितार्थ होता. चमत्कार असा की, ज्या हेरातच्या वेढ्याचे कारण पुढे करण्यात आले, तो वेढा इराणच्या शहाने सप्टेंबरातच उठविला होता. कारण संपले, तरी कार्य थांबले नाही. ज्यांना तो मुलूख ठाऊक होता त्यांनी धोक्याची सूचना दिली होती. विलायतेत निवृत्त जीवन जगणाऱ्या एल्फिन्स्टनने बर्न्सला लिहिले की, तुम्ही कंदाहार व काबूल घ्याल आणि शुजाला गादीवर बसवालही. परंतु त्या दरिद्री, थंड, दुर्गम मुलुखात, अशा बंडखोर लोकांमध्ये त्याला टिकवून धरणे आपल्याला अशक्यप्राय वाटते. तीस वर्षांपूर्वी शुजाला तख्तावर पाहिलेल्या माणसाचे हे मत होते. त्याची किंमत कोणी केली नाही.

रणजितसिंगाने मुख्य फौजेला पंजाबातून वाट दिली नाही. म्हणून बंगालची फौज फिरोजपुराहून सिंधमार्गे बोलन घाटाकडे वळली, आणि सर जॉन कीन याच्या हाताखाली मुंबई इलाख्याची फौज जहाजांनी सिंधूच्या मुखाशी उतरून तिला जाऊन मिळाली. कोकणातले व देशावरचे अनेक मराठी शिपाई या मुंबईच्या पलटणींत होते. ज्या अब्दालीशी त्यांच्या पणज्यांनी पानिपतावर झुंज घेतली, त्याच्याच नातवाला गादीवर बसविण्यासाठी ते आता बोलनचा घाट चढत होते. बाजारबुणग्यांची संख्या लढवय्यांच्या कितीतरी पट होती. घाटात उंट मेले, दाणापाणी संपले, लोक अर्धपोटी राहिले. अखेर २५ एप्रिल १८३९ रोजी शुजा कंदाहारात शिरला. सरदारांची घरे फोडण्यासाठी पैशांच्या थैल्या पुढे धाडलेल्या होत्या, त्यामुळे लढाईचा प्रसंग आला नाही. ८ मे रोजी शहराबाहेरच्या मैदानात राज्यारोहणाचा समारंभ झाला. तोफांची सलामी झाली, इंग्रजी फौजेने संचलन केले. परंतु प्रजेसाठी जी विस्तीर्ण जागा राखून ठेवली होती, ती जवळजवळ मोकळीच राहिली.

२३ जुलै रोजी गझनीचा किल्ला पडला. मोहनलाल काश्मिरी या बर्न्सच्या मुनशीने फितूर झालेल्या दोस्त महंमदाच्या पुतण्याकडून काबूल दरवाजाची माहिती काढली होती. त्या दरवाजाखाली दारूच्या थैल्या लावून तो उडविण्यात आला. दोस्त महंमदाची फौज फुटली व तो उत्तरेकडे निघून गेला. ७ ऑगस्ट १८३९ रोजी शहा शुजा तीस वर्षांनी काबूलात आला. पांढऱ्या घोड्यावर तो स्वतः आणि त्याच्या बाजूस जरतारी पोशाखात कंपनीचा वकील सर विल्यम मॅक्नॉटन व बर्न्स. रस्त्यात लोक उभे होते, पण जयघोष झाला नाही. बाला हिसार या राजवाड्याच्या किल्ल्यात पोहोचल्यावर म्हातारा बादशहा लहान मुलासारखा दालनादालनातून धावत सुटला आणि मोडकळीस आलेली दालने पाहून हळहळला.

याच सुमाराची दुसरी एक घटना महाराष्ट्रातील आहे. काबूलात बादशहा बसविल्यानंतर एक महिन्याच्या आत, सप्टेंबर १८३९ मध्ये, कंपनीने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीस पाठविले. १८१८ साली कंपनीनेच त्यांना गादीवर बसविले होते, आणि ते बसविणारा हात एल्फिन्स्टनचाच होता. प्रतापसिंह कर्तबगार होते व आपल्या हक्कांविषयी जागरूक होते. तोच त्यांचा अपराध ठरला. या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे परक्याने बसविलेल्या राजाची कोंडी स्पष्ट होते. त्याने स्वतःच्या बुद्धीने वागावे तर बसविणाऱ्याच्या मर्जीतून उतरावे, आणि न वागावे तर प्रजेच्या मनातून उतरावे. साताऱ्यास पहिला प्रकार घडला, काबूलास दुसरा.

काबूलातील कारभाराचे स्वरूप असे होते. राजा एक आणि दरबार दोन. एक दरबार बाला हिसारात भरे. दुसरा मॅक्नॉटनच्या बंगल्यात. जहागिरी, नेमणुका, शिक्षा, क्षमा या सर्वांचा शेवटचा निकाल दुसऱ्या दरबारात होई, हे सरदारांना चार दिवसांत समजले आणि बादशहाच्या मुजऱ्यास जाण्याचे कारण उरले नाही. शुजाचा जुना वजीर इंग्रजांना नको होता. त्यांनी तो काढावयास लावून आपल्या पसंतीचा माणूस बसविला. अफगाण सरदार बादशहाला स्वार पुरवीत, हीच त्यांच्या मानाची व उत्पन्नाची बाब होती. इंग्रजांनी ही पद्धत खर्चिक व कुचकामी ठरविली आणि आपल्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली नव्या अफगाण पलटणी उभारल्या. हिशेबाच्या दृष्टीने हा सुधारणेचा मार्ग होता. परंतु राजा व सरदार यांच्यामधील अहमदशहापासून चालत आलेला दुवाच त्याने तोडला. त्यात हजारो लोकांच्या फौजेची खरेदी चालू झाल्याने धान्य व चारा महागला आणि गरिबांचे हाल झाले. काही गोऱ्या अधिकाऱ्यांचे वर्तन शहरातील स्त्रियांच्या बाबतीत असे होते की घराघरांत संताप धुमसू लागला. या साऱ्याचा दोष लोक बादशहाच्या पदरी बांधीत, आणि त्याला तो निवारण्याचा अधिकार नव्हता.

एका साध्या गोष्टीने तर फार मोठा अनर्थ केला. फौज बाला हिसारात ठेवावी, असे इंग्रजी अधिकाऱ्यांच्या मनात होते. किल्ला उंच व भक्कम होता. परंतु शुजाला तेथे आपला जनानखाना ठेवावयाचा होता, आणि किल्ल्यात परकी फौज राहिली तर आपण राजा कसले, असेही त्याला वाटले. मॅक्नॉटनने त्याचे म्हणणे मान्य केले. मग शहराबाहेर, टेकड्यांच्या माऱ्यात, सखल मैदानावर छावणी बांधण्यात आली. तिचा तट ठेंगणा आणि धान्याची कोठारे तटाच्या बाहेर. आपण राजा आहो हे दाखविण्याची शुजाची एकच इच्छा पुरी झाली, आणि तीच त्याच्या रक्षणकर्त्यांच्या मुळावर आली.

वरवर पाहता सर्व ठीक चालले होते. नोव्हेंबर १८४० मध्ये पर्वान दऱ्याच्या चकमकीत इंग्रजी स्वारांना पळविल्यानंतरही दोस्त महंमद स्वतः होऊन मॅक्नॉटनकडे आला व स्वाधीन झाला. त्याला हिंदुस्थानात सन्मानाने पाठविण्यात आले. मॅक्नॉटनला मुंबईचे गव्हर्नरपद मिळाल्याची बातमी आली. सेनापती म्हणून आलेला जनरल विल्यम एल्फिन्स्टन, माउंट स्टुअर्टचा चुलतभाऊ, संधिवाताने जर्जर झाला होता. खर्च मात्र डोईजड झाला होता. तो कमी करण्याचे हुकूम आले, तेव्हा कात्री लागली ती काबूल-जलालाबाद वाटेवरील गिलझाई टोळ्यांना वाट मोकळी ठेवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या रकमेस. गिलझाईंनी ऑक्टोबर १८४१ मध्ये घाट अडविला. पैशाने जोडलेली निष्ठा पैशाबरोबर संपली.

२ नोव्हेंबर १८४१ रोजी काबूलात उठाव झाला आणि जमावाने बर्न्सचे घर वेढून त्याला ठार केले. छावणी अगदी जवळ असताना तेथून वेळीच कोणी हलले नाही. त्या सकाळी शहरात फौज पाठविणारा एकच पुरुष निघाला, आणि तो म्हणजे ज्याला सर्वजण बाहुले समजत होते तो शहा शुजा. त्याच्या पलटणीचा अरुंद गल्ल्यांत मोड झाला, पण तिने प्रयत्न तरी केला. पुढे दोन महिने छावणीतील अधिकारी वादात कालक्षेप करीत राहिले. बाला हिसारात जावे, हा सल्ला पुनःपुन्हा निघाला व पुनःपुन्हा बाजूस पडला. कोठारे शत्रूने लुटली, आणि दोस्त महंमदाचा मुलगा अकबरखान पुढारीपणा करू लागला.

डिसेंबरात मॅक्नॉटनने सरदारांशी तहाचा मसुदा केला. इंग्रजांनी देश सोडावा, दोस्त महंमदाला परत आणावे. आणि शहा शुजाने पाहिजे तर लाख रुपयांच्या नेमणुकीवर काबूलात राहावे, पाहिजे तर फौजेबरोबर हिंदुस्थानात जावे. ज्याच्या न्याय्य हक्कासाठी म्हणून युद्ध पुकारले, त्या बादशहाचे अखेर एका कलमात एवढेच उरले. २३ डिसेंबरला भेटीच्या जागीच अकबरखानाने मॅक्नॉटनला ठार केले. ६ जानेवारी १८४२ रोजी सुमारे साडेचार हजार लढवय्ये व बारा हजार इतर माणसे बर्फातून जलालाबादेकडे निघाली. एका आठवड्यानंतर डॉक्टर ब्रायडन हा एकटाच युरोपीय जखमी अवस्थेत जलालाबादच्या वेशीशी पोहोचला. त्या एका घोडेस्वाराचे चित्र पुढे विलायतेत प्रसिद्ध झाले. परंतु त्या वाटेवर मेलेल्यांत बहुसंख्य हिंदी शिपाई, नोकर, त्यांच्या बायका व मुले होती. आणि जे वाचले त्यांपैकी कित्येक हातपाय गमावून काबूलच्या रस्त्यांवर भीक मागत राहिले, कित्येक गुलाम म्हणून विकले गेले. त्यांची चित्रे कोणी काढली नाहीत.

आणि या सर्व प्रलयात शहा शुजा बाला हिसारात जिवंत होता. फौजेबरोबर जाण्यास त्याने नकार दिला होता. इंग्रज गेले त्याच दिवशी हा संपणार, अशी सर्वांची अटकळ होती. ती खोटी ठरली. बंडखोर सरदारांपैकी अनेकांना त्याचे नाव अजून हवेसे वाटत होते. तो अहमदशहाचा नातू होता, गादीचा कायदेशीर धनी होता, आणि बारकझाईंचा वरचष्मा इतर टोळ्यांना नको होता. जुने शत्रू त्याच्या मुजऱ्यास येऊ लागले. जवळजवळ तीन महिने त्याने परक्या संगिनीवाचून काबूलात राज्य केले. किंबहुना, १८३९ पासूनच्या सर्व काळात खऱ्या अर्थाने राज्य केले ते एवढेच. यावरून त्याच्या हक्कात मूळचे बळ होते, असे म्हणावे लागते. परंतु एक डाग पुसता येत नव्हता. सरदार म्हणाले, तू खरा मुसलमान बादशहा असशील तर आमच्याबरोबर जलालाबादच्या इंग्रजांवर चालून चल. शुजा एकीकडे होकार देत होता आणि दुसरीकडे जलालाबादेस गुप्त पत्रे पाठवीत होता. दोन्हीकडे शब्द दिलेल्या माणसाला शेवटी कोणाचाच विश्वास उरत नाही.

एप्रिल १८४२ च्या आरंभी चालढकल अशक्य झाली. ५ एप्रिलच्या पहाटे तो बाला हिसारातून छावणीकडे जाण्यास निघाला. वाटेत बारकझाई नबाब जमानखानाचा मुलगा शुजा-उद्-दौला दबा धरून बसला होता. त्याने गोळ्या झाडल्या. नामसाधर्म्य असे विलक्षण की, एका शुजाचा अंत दुसऱ्या शुजाच्या हातून झाला. प्रेतावरील जडजवाहीर काढून घेण्यात आले.

पुढची हकिकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. सप्टेंबरात जनरल पोलॉकची फौज सूड घेण्यासाठी काबूलास आली. तिने तेथील प्रसिद्ध चार छत्ता बाजार उद्ध्वस्त केला आणि ऑक्टोबरात ती परत फिरली. शुजाचा मुलगा फत्तेजंग काही महिने नावाचा राजा होता; फौज परत जाते हे दिसताच त्याने गादी सोडली व तिच्याबरोबर हिंदुस्थानचा रस्ता धरला. आंधळा जमानशहा व घरातील बायकामुले पुन्हा लुधियान्यास आली. दोस्त महंमदाला मुक्त करण्यात आले. तो काबूलास परतला आणि १८६३ पर्यंत राज्य करून मरण पावला. नवा गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरो याने जाहीरनामा काढला तो सिमल्याहूनच, आणि त्यावर तारीख घातली १ ऑक्टोबर; ऑकलंडच्या जाहीरनाम्यास त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. नाखूष प्रजेवर राजा लादणे हे ब्रिटिश सरकारच्या धोरणात बसत नाही, असे त्यात म्हटले होते. युद्धाचा खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडला. या मोहिमांत मेलेल्यांचे स्मारक म्हणून मुंबईस कुलाब्याला बांधलेले अफगाण चर्च १८५८ साली पुरे झाले. त्याचा उंच मनोरा आजही उभा आहे.

शहा शुजाला केवळ बाहुले म्हणून निकालात काढणे न्यायाचे होणार नाही. त्याचा हक्क खोटा नव्हता, त्याचे धैर्य कमी नव्हते आणि संकटकाळी त्याने आपल्या रक्षणकर्त्यांपेक्षा अधिक हिंमत दाखविली. त्याची चूक एकच, पण ती मुळातली होती. जे राज्य आपल्या माणसांच्या संमतीने मिळवावयाचे, ते त्याने परक्यांच्या गरजेतून मिळविले. परक्याची गरज आज रशियाची भीती असते, उद्या खर्चाची काटकसर असते, आणि परवा माघारीच्या तहातले एक कलम असते. ती बदलली की राजाचे मोल बदलते. शिवाय परक्याच्या मदतीने राजाच्या अंगी असलेले बळही नाहीसे होते. ज्या नावासाठी त्याला निवडले, ते नावच मदतीच्या ओझ्याखाली कवडीमोल होते.

अफगाणांनी ही गोष्ट विसरू दिली नाही. १९७९ च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजेबरोबर बाब्रक कारमाल सत्तेवर आला, तेव्हा त्याच्या विरोधकांनी त्याला शहा शुजा म्हटले. २००१ नंतर अमेरिकेच्या पाठिंब्याने हमीद करझाई पुढे आले, तेव्हा त्यांच्या शत्रूंनी तेच नाव पुन्हा उच्चारले. करझाई तर शुजाच्याच पोपलझाई टोळीतले. अहमदशहाचे नाव त्याच्या देशात राष्ट्राचा जनक म्हणून घेतले जाते, आणि त्याच्या नातवाचे नाव शिवी म्हणून. आजोबा व नातू यांच्या पराक्रमात अंतर होतेच. परंतु नावाच्या या दोन गतींचे कारण तेवढेच नाही. अहमदशहाला कंदाहार येथे त्याच्या सरदारांनी निवडले. शुजाला सिमला येथे परक्या मसलतगारांनी निवडले. ज्या ठिकाणी राजाची निवड होते, त्याच ठिकाणी त्याचे राज्य असते, आणि शुजाचे राज्य शेवटपर्यंत लुधियान्याच्या पलीकडे गेलेच नाही.